मँजिफेरा इंडिका: आंब्याच्या शास्त्रीय नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याचं शास्त्रीय नाव नेमकं काय आहे?

मँजिफेरा इंडिका. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रूढ केली, त्याच वर्षीच्या ग्रंथात हे नाव आहे. त्याआधी एकेका झाडाच्या नावात पाच-सहा शब्दांचं वर्णन असायचं आणि प्रत्येक पंडिताचं वर्णन वेगळं.

शाळेत हे नाव आपण पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. खरं तर ते पाठ करायची गरजच नाही. ते उकलून पाहिलं तर त्यात मलबारचा शेतकरी भेटतो, पोर्तुगीज व्यापारी भेटतो, सिंधू नदी भेटते, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातलं एक क्रियापदही भेटतं.

'मँजिफेरा'चा अर्थ काय?

मांगा अधिक फेरा. 'मांगा' म्हणजे आंबा आणि 'फेरा' म्हणजे धारण करणारी. आंबे धरणारी, एवढाच अर्थ. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी मानतात, म्हणून 'धरणारी'.

पण शब्द आणखी खोलवर पाहिला तर तो पिकलेला आंबा नाहीच. ती कैरी आहे. पुढच्या उत्तरात सांगतो.

'मांगा' हा शब्द लॅटिन आहे का?

अजिबात नाही. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये आंब्याला शब्दच नव्हता. हा शब्द द्रविड भाषांचा आहे, आणि या सगळ्या नावातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

तमिळमध्ये आंब्याच्या झाडाला 'मा' म्हणतात. 'काय्' म्हणजे कच्चं फळ आणि 'पळम' म्हणजे पिकलेलं. म्हणून कैरी ती 'मांगाय्' आणि पिकला की तो 'माम्पळम'. मल्याळममध्ये त्याच 'मा' आणि 'काय्'चं 'मांङ्ग' झालं. झाड ते 'माव्'. सोलापूर, कोल्हापूर, सांगली या कन्नड सरहद्दीवरच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. कन्नडमध्ये कैरी म्हणजे 'माविनकायी' आणि पिका आंबा म्हणजे 'माविन हण्णु'. तेलुगूतही कच्च्यासाठी 'काय' हाच शब्द. कच्चं आणि पिकं यांच्यासाठी वेगळे शब्द ठेवणाऱ्या या भाषा आहेत, जशी आपण कैरी आणि आंबा ही जोडी ठेवली.

पोर्तुगीज पंधराव्या शतकाच्या अगदी शेवटी मलबारच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्या भाषेत हा शब्द 'मांगा' असा गेला. तो थेट मल्याळममधून गेला की मलाय भाषेतल्या 'मांग्गा'मार्गे, यावर शब्दांचे अभ्यासक वाद घालतात. मलायमधलाही मूळचा द्रविडच, तेव्हा उगम बदलत नाही. पोर्तुगीजांकडून तो युरोपभर पसरला, आणि विद्वानांनी त्याला लॅटिनचा अंगरखा घातला.

म्हणजे 'मँजिफेरा'तल्या 'मांगा'च्या पोटात 'काय्' आहे, कच्चं फळ आहे. अक्षरशः अर्थ लावायचा तर 'कैऱ्या धरणारी'. एप्रिलमध्ये घोसाघोसांनी कैऱ्या लटकलेलं झाड डोळ्यांसमोर आणा; नाव त्याचंच आहे.

मग आपला 'आंबा' कुठून आला?

संस्कृत 'आम्र'पासून, प्राकृत 'अंब'मार्गे. 'म' आणि 'र' एकापाठोपाठ उच्चारताना मध्ये 'ब' आपोआप उमटतो; ओठ मिटलेले असतात, ते उघडताना तो आवाज होतो. हळू म्हणून पाहा. हीच गोष्ट 'ताम्र'ची झाली आणि त्याचं 'तांबं' झालं. आम्र-आंबा, ताम्र-तांबं. 'आंबट' मात्र 'अम्ल'पासून आला, तिथे 'म' आणि 'ल' यांच्यामध्ये तोच 'ब' शिरला.

संस्कृतात आंब्याला चूत, रसाल आणि सहकार अशीही नावं आहेत. सुगंधी आंब्याला 'सहकार' म्हणत. आज महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि पतसंस्था आठवते, पण कालिदासाच्या वाचकाला मोहोराचा वास यायचा.

'आंबा' आणि 'मांगा' हे दोन्ही शब्द युरोपीय लोकांच्या कानावर कधी पडले?

लुदोविको दी वार्थेमा या इटालियन प्रवाशाचं प्रवासवर्णन १५१० साली रोममध्ये छापलं गेलं. कालिकतबद्दल लिहिताना तो म्हणतो की इथे 'अंबा' नावाचं फळ मिळतं आणि त्याच्या झाडाला 'मांगा' म्हणतात. दोन भाषाकुळांचे दोन शब्द एका वाक्यात आले. फळाला एका भाषेतलं नाव आणि झाडाला दुसऱ्या, अशी त्याची सरमिसळ झालेली दिसते. पण मला ती चूक मोलाची वाटते, कारण त्या बंदरात किती तऱ्हेचे लोक एकमेकांशी बोलत होते हे तिच्यातून कळतं.

पुढे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचं संवादरूपी पुस्तक छापलं. त्यात तो आंब्यावर बोलत असतानाच मुंबईहून त्याचं कूळ आंब्यांची करंडी घेऊन येतं, असा प्रसंग आहे. मुंबई बेट तेव्हा त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. माझ्या त्या बेटावर एक झाड आहे, त्याला वर्षातून दोनदा आंबे येतात, असं तो सांगतो. पोर्तुगीज पुस्तकात शब्द 'मांगा'च, झाड मात्र आपल्या मुंबईचं.

'आंबा' हा शब्दही घरी बसून राहिला नाही. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीमध्ये आंब्याला 'एम्बे' म्हणतात. इराक आणि इस्रायलमध्ये कैरीच्या आंबट-तिखट, पिवळ्या चटणीचं नाव 'अंबा' आहे. पश्चिमेकडे समुद्रमार्गे गेला तो आपल्या बाजूचा शब्द, युरोपात गेला तो दक्षिणेचा.

इंग्रजीतला 'मँगो' म्हणजे आधीपासून हेच फळ ना?

हेच, पण इंग्रजांना बराच काळ ते फळ म्हणून मिळालंच नाही. जहाजाच्या लांब प्रवासात पिकं फळ टिकत नसे. इंग्लंडला पोचायची ती मुरवलेली कैरी. त्यामुळे तिकडे 'मँगो' म्हणजे लोणचं, असा समज झाला. काकड्या, खरबुजं पोकळ करून, मसाला भरून, आंबवून ठेवल्या की त्यांनाही 'मँगो' म्हणत, आणि तसं लोणचं घालण्याच्या क्रियेलाही तेच क्रियापद वापरत. अमेरिकेच्या काही भागांत भोपळी मिरचीला 'मँगो' म्हणायची पद्धत यातूनच आली. शब्दाच्या पोटात कैरी होती, ती लोणच्यातून पुन्हा वर आली म्हणायची.

'फेरा' म्हणजे काय? आपल्या 'फेरा'शी त्याचा संबंध आहे का?

आपल्या 'फेरा'शी, म्हणजे फेरी मारण्याशी, काही संबंध नाही. पण 'भार'शी आहे, आणि तो अगदी सख्खा आहे.

लॅटिनमध्ये 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं, धारण करणं. 'तो वाहतो' याला लॅटिनमध्ये 'फेर्त' आणि संस्कृतमध्ये 'भरति'. दोन्ही एकाच जुन्या धातूपासून निघाले. शब्दाच्या सुरुवातीला संस्कृतात जिथे 'भ' असतो तिथे लॅटिनमध्ये 'फ' येतो. हे योगायोगाने होत नाही, नियमाने होतं. संस्कृत 'भ्रातृ', लॅटिन 'फ्रातेर'. त्या 'भ्रातृ'चा आपला भाऊ झाला. तसंच 'भरति'चं आपलं 'भरणं' झालं, आणि त्याच भृ धातूपासून भार आला.

कोकणात म्हणतात, 'यंदा झाड भरलंय'. लिनियसने लॅटिनमध्ये जे लिहिलं ते अर्थाने आणि मुळानेही याच्या शेजारचं आहे. नावाचा हा अर्धा भाग आपल्या भाषेचा दूरचा नातेवाईक आहे, आणि दुसरा अर्धा आपल्या शेजारच्या भाषांचा. 'परकं, अवघड लॅटिन नाव' असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच वाईट वाटतं.

'फेरा' असलेली आणखी नावं आहेत का?

आहेत आणि ती आपल्या परसातलीच आहेत. शेवगा म्हणजे मोरिंगा ओलेइफेरा: 'मोरिंगा' हा तमिळ 'मुरुंगै'वरून, 'ओलेइफेरा' म्हणजे तेल धारण करणारी, कारण शेवग्याच्या बियांतून तेल निघतं. नाशिकची द्राक्षवेल व्हायटिस व्हिनिफेरा, म्हणजे मद्य देणारी. ताडाचं नाव बोरासस फ्लॅबेलिफर, पंखे धारण करणारा. इथे नाव पुल्लिंगी केलंय म्हणून शेवटी 'फेरा'ऐवजी 'फर'.

नारळाचं कोकोस न्युसिफेरा. 'न्युसिफेरा' म्हणजे कठीण कवचाचं फळ धरणारी. 'कोको' हा पोर्तुगीजांचा बागुलबुवा. सोललेल्या नारळाचे तीन डोळे पाहून त्यांना मुलांना भिववायचा चेहरा दिसला. आपण त्याच नारळाला श्रीफळ म्हणून देवापुढे ठेवतो.

'इंडिका' म्हणजे भारतीय, एवढंच ना?

अर्थ तेवढाच, पण वाट लांबची आहे. सुरुवात 'सिंधू'पासून. जुन्या इराणी भाषांत आपल्या 'स'चा 'ह' होई, म्हणून सिंधूचं 'हिंदू' झालं. हा बदल मराठी माणसाला नवा नाही: 'सप्त'चा फारसीत 'हफ्त' झाला, त्याचा सात दिवसांचा 'हफ्ता' झाला, आणि तो आपल्याकडे 'हप्ता' होऊन आला. आज आपण घराच्या कर्जाचा भरतो तोच.

इराण्यांकडून हा शब्द आशिया मायनरच्या आयोनियन ग्रीकांकडे गेला. त्यांच्या बोलीत सुरुवातीचा 'ह' उच्चारला जात नसे, म्हणून 'इंदोस'. (ज्यांनी हा 'ह' गाळला त्या आयोनियन लोकांच्याच नावावरून आपल्याकडे 'यवन' हा शब्द आला.) ग्रीक 'इंदोस'वरून 'इंडिया', त्यावरून लॅटिन विशेषण 'इंडिकुस', आणि मँजिफेरा स्त्रीलिंगी म्हणून 'इंडिका'. सिंधूपासून निघालेला शब्द हिंदू, इंदोस, इंडिका अशी वळणं घेत आंब्याच्या झाडाखाली येऊन थांबला.

नावात 'इंडिका' असलं म्हणजे ते झाड भारतातलंच, असं धरायचं का?

धरू नका. अठराव्या शतकातल्या युरोपीय पंडितांचा 'इंडिया' फार ऐसपैस होता. पूर्वेकडून जहाजाने आलेलं बरंच काही त्यात बसायचं.

चिंचेचं उदाहरण घ्या: टॅमॅरिंडस इंडिका. अरबीत 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानी खजूर. अरब व्यापाऱ्यांना चिंचेचा गोळा खजुरासारखा दिसला असावा. त्या 'तमर हिंदी'चं लॅटिनमध्ये टॅमॅरिंडस झालं, आणि वर लिनियसने 'इंडिका' जोडलं. म्हणजे नावात 'हिंदुस्थानी' दोनदा आहे, आणि चिंच मूळची आफ्रिकेची.

आंब्याच्या बाबतीत मात्र 'इंडिका' बऱ्यापैकी खरं आहे. ईशान्य भारत, बांगलादेश आणि म्यानमार या पट्ट्यात त्याचं मूळ मानतात. मँजिफेरा प्रजातीतल्या बाकीच्या बहुतेक जाती आग्नेय आशियात आहेत. त्यांतल्या एकीचं नाव मँजिफेरा फेटिडा, म्हणजे दुर्गंधी आंबा. आपल्या वाट्याला 'इंडिका' आला हे बरंच झालं.

लिनियसने भारतात येऊन आंबा पाहिला होता का?

नाही. तो भारतात कधीच आला नाही. आशियातल्या झाडांबद्दल त्याने लिहिलं ते इतरांनी पाठवलेल्या वाळवलेल्या फांद्यांवरून आणि इतरांच्या ग्रंथांवरून. त्यांतल्या एका ग्रंथाबद्दल इथे सांगायलाच हवं.

'होर्टुस मलाबारिकुस', म्हणजे मलबारची बाग. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने तो तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅममध्ये त्याचे बारा खंड निघाले. लिनियस या ग्रंथाचा हवाला वारंवार देतो. रेडे स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. झाडांची नावं आणि गुण सांगितले ते इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने, आणि त्यांच्यासोबत रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांनी कोकणीत, नागरी लिपीत एक प्रमाणपत्र लिहून दिलं. ते पहिल्या खंडात छापलं गेलं. सतराव्या शतकात, हॉलंडमध्ये, नागरी अक्षरांत कोकणी मजकूर! आंब्याचं मल्याळम नाव 'माव्' हेही रेडेच्या ग्रंथातून लॅटिन अक्षरांत युरोपात पोचलं.

शास्त्रीय नावाच्या शेवटी श्रेय एका माणसाचं लिहिलं जातं. पण ते झाड कोणाच्या परसात होतं आणि त्याचं नाव कोणी सांगितलं, हे त्या एका अक्षरात मावत नाही.

नावापुढे 'एल.' लिहितात ते काय?

लिनियस. नाव देणाऱ्याचं संक्षिप्त रूप. नुसत्या 'एल.'चा मान वनस्पतिशास्त्रात त्याला एकट्यालाच आहे.

उच्चार मँजिफेरा की मांगिफेरा?

मराठीत सहसा 'मँजिफेरा' लिहितात. तो इंग्रजी वळणाचा उच्चार आहे आणि त्यात चूक काही नाही. जुन्या लॅटिनमध्ये 'ग' नेहमी 'ग'च असे, त्या हिशेबाने 'मांगिफेरा'. मला हा दुसरा जवळचा वाटतो, कारण त्यात 'मांगा' ऐकू येतो. मात्र एका रोपवाटिकेत पाटीवर 'मॅग्निफेरा' लिहिलेलं पाहिलं, ते नक्की चूक. 'माग्नुस' म्हणजे मोठा. त्याचा इथे काही संबंध नाही. पाटी वाचून मुलं तेच घोकतात, म्हणून पाट्या रंगवणाऱ्यांनी एवढं जपावं.

आंब्याच्या कुलाचं नाव ॲनाकार्डिएसी का?

ते काजूवरून आहे. काजूचं शास्त्रीय नाव ॲनाकार्डियम. त्यात ग्रीक 'कार्डिया', म्हणजे हृदय, आहे. पण लिनियसच्या आधी औषधी विकणारे लोक 'ॲनाकार्डियम' म्हणत ते काजूला नव्हे, बिब्ब्याला. काजू दक्षिण अमेरिकेतून आला, फळाची ठेवण सारखी दिसली, आणि बिब्ब्याचं नाव काजूने घेतलं. बिब्ब्याच्या वाट्याला आलं सेमेकार्पस ॲनाकार्डियम. 'सेमेकार्पस' म्हणजे खुणेचं फळ, कारण परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत. जुनं नाव निदान दुसऱ्या जागी तरी त्याच्याकडे राहिलं.

आंबा, काजू आणि बिब्बा ही भावंडं आहेत हे ज्याने झाडावरून आंबे उतरवलेत त्याला सांगावं लागत नाही. देठाचा चीक उडाला की कातडी भाजते, काजूच्या टरफलाचं तेल लागलं तरी भाजते, आणि बिब्बा उतला तर विचारूच नका.

आपल्या 'आंबा' शब्दाला शास्त्रीय नावांत कुठेच जागा मिळाली नाही का?

मिळाली, थोडी बाजूने. आंबेहळदीचं शास्त्रीय नाव करक्युमा अमाडा. बंगालमध्ये काम करणाऱ्या विल्यम रॉक्सबर्गने ते दिलं. बंगालीत आंबेहळदीला 'आमआदा' म्हणतात, आंब्याच्या वासाचं आलं. त्या 'आम'मध्ये आपला 'आम्र' आहे.

आणि आंबाडा, ज्याची फळं आमटीत घालतात, त्याचं जुनं शास्त्रीय नाव होतं स्पाँडियस मँजिफेरा. मराठीत 'आम्रातक'वरून आंबाडा, लॅटिनमध्ये मँजिफेरा; दोन्हीकडच्या लोकांना ते फळ पाहून आंबाच आठवला.

कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात 'मँजिफेरी' दिसतं. ते वेगळं झाड आहे का?

नाही. शेवट बदलला की लॅटिनमध्ये विभक्ती बदलते. मँजिफेरी म्हणजे 'आंब्याची' किंवा 'आंब्याचा'. कोयीत शिरणारा भुंगा स्टर्नोकिटस मँजिफेरी, मोहोरावरची भुरी आणणारी बुरशी ओइडियम मँजिफेरी. जिथे हा शब्द दुसऱ्या जागी दिसेल तिथे आंब्यावर जगणारं काहीतरी आहे असं समजा. आंब्याच्या पानांत आणि सालीत सापडणाऱ्या एका पिवळ्या द्रव्याला 'मँजिफेरिन' म्हणतात, तोही याच नावाचा पुढचा फुटवा.

माझ्याकडे हापूसचं कलम आहे. त्याचं शास्त्रीय नाव वेगळं असेल?

जात तीच, मँजिफेरा इंडिका. हापूस, पायरी, केसर, रायवळ, सगळे त्यातच. लागवडीतल्या वाणाचं नाव पुढे एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात: मँजिफेरा इंडिका 'अल्फान्सो'. पहिले दोन शब्द तिरप्या अक्षरांत, वाणाचं नाव सरळ अक्षरांत. पाटी करायची असेल तर एवढं पुरे.

हे 'अल्फान्सो' पोर्तुगीज 'अफोन्सो'वरून आलं, आणि तेच कोकणी-मराठी तोंडात 'आफूस', 'हापूस' झालं. गोव्याचा मानकुराद हाही मूळचा पोर्तुगीज 'मालकोरादा', म्हणजे रंगाने फिका पडलेला. पण गोव्यात कुणालाही विचारा, चवीत त्याच्या पुढे ते हापूसलाही जाऊ देत नाहीत.